पाऱ्याचे थेंब मोजणारा माणूस

जर्मनीतल्या उल्म शहरात १६९० च्या दशकात पोटशूळाची साथ आली. मुरडा येऊन माणसे लोळत, शौचाला होत नसे, हातापायांतली शक्ती जाई, काही दगावत. शहराचे वैद्य होते एबरहार्ड गॉकेल. त्यांच्या लक्षात आले, की मठातले जे साधू वाइन पीत नाहीत त्यांना काहीच होत नाही. शोध घेत घेत ते वाइनच्या व्यापारापर्यंत पोचले. आंबट वाइन गोड व्हावी म्हणून तीत मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, मिसळले जात होते. वाइनमधल्या आम्लात शिसे विरघळले की चव गोडसर होते. त्यामुळे पिणाऱ्याला संशय येत नसे, उलट ती वाइन जास्त आवडे.

गॉकेल यांनी विषाचे नाव शोधले. पण समोरच्या पेल्यात ते नेमके किती आहे, हे सांगण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. जिभेला ते कळत नाही, डोळ्याला दिसत नाही. पुढे रसायनशाळांनी त्यासाठी पद्धती बसवल्या, पण त्या वेळखाऊ होत्या आणि द्रावही भरपूर लागे. चमचाभर द्रवात वीज सोडून, काही मिनिटांत, कोणता धातू आहे आणि किती आहे हे दोन्ही एकदम वाचण्याची सोय झाली ती विसाव्या शतकात. ती करणारे शास्त्रज्ञ होते प्राग शहराचे यारोस्लाव हेयरोव्स्की.

यवतमाळ जिल्ह्यात द्राक्षमळे नाहीत. वाइनचा कारखाना म्हटले की आपल्याला नाशिक आठवते. शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आहे आणि आपल्या जिल्ह्यातल्या बायका दारूविरुद्ध वर्षानुवर्षे लढत आल्या आहेत. तेव्हा इथे वाइनची भलामण करायचा प्रश्नच नाही. पण मधुमेही माणूस बोट टोचून ज्या पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतो, त्या पट्टीचे मूळ याच माणसाच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते. म्हणून त्याची ओळख असलेली बरी.

हेयरोव्स्की यांचा जन्म २० डिसेंबर १८९० चा. वडील लिओपोल्ड प्रागच्या विद्यापीठात रोमन कायद्याचे प्राध्यापक. हे त्यांचे पाचवे अपत्य. घरात कायद्याची पुस्तके असली तरी यारोस्लावचा ओढा पदार्थविज्ञानाकडे आणि रसायनशास्त्राकडे. प्रागमध्ये वर्षभर शिकून १९१० मध्ये तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेला, कारण तिथे विल्यम रॅम्झी होते. हवेतले निष्क्रिय वायू शोधून काढणारे रॅम्झी तेव्हा कीर्तीच्या शिखरावर होते. मात्र काही वर्षांतच ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी फ्रेडरिक डोनन आले. हा बदल तरुण हेयरोव्स्कींच्या पथ्यावर पडला. डोनन विद्युतरसायनाचे जाणकार. १९१३ मध्ये पदवी मिळाल्यावर त्यांनी या चेक विद्यार्थ्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतले आणि एक किचकट काम दिले: ॲल्युमिनियमचा विद्युतदाब मोजायचा.

किचकट अशासाठी, की ॲल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा थर चढतो. आज घेतलेले माप उद्या जुळत नाही. तेव्हा डोनन यांनी सुचवले, की ॲल्युमिनियम पाऱ्यात विरघळवून तो पारा बारीक नळीतून थेंब थेंब गळू द्यावा. प्रत्येक थेंबाबरोबर पृष्ठभाग नवा, कोरा. त्या प्रयोगातून फारसे काही हाती लागले नाही. पण गळणारा पारा हेयरोव्स्कींच्या डोक्यात राहिला.

१९१४ च्या उन्हाळ्यात ते सुटीला घरी आले आणि पहिले महायुद्ध सुरू झाले. लंडनचा रस्ता बंद झाला. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने त्यांना लष्करी रुग्णालयात नेमले, औषधे बनवून देण्याच्या आणि क्ष-किरण विभागाच्या कामावर. रसायनशास्त्राचा हा विद्यार्थी युद्धाची वर्षे औषधाच्या बाटल्या आणि मोडलेल्या हाडांच्या फोटोपट्ट्यांत राहिला, आणि उरलेल्या वेळात प्रबंध लिहीत राहिला. १९१८ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्या परीक्षेच्या तोंडी भागात एक परीक्षक होते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक बोहुमिल कुचेरा. पाऱ्याचा पृष्ठताण विजेच्या दाबाने बदलतो, आणि तो बदल थेंबाच्या वजनावरून मोजता येतो, हा त्यांचा विषय. त्यांच्या आलेखात एका ठिकाणी अनपेक्षित उंचवटा येई आणि त्याचा उलगडा होत नव्हता. त्यांनी या तरुणाला हे कोडे सोडवायला सांगितले. एखादा हसून विसरला असता. हेयरोव्स्की कामाला लागले. काचेच्या केसासारख्या नळीतून पारा गळत ठेवायचा, विजेचा दाब किंचित वाढवायचा, थेंब गोळा करायचे, धुवायचे, वाळवायचे, तोलायचे. पुन्हा दाब किंचित वाढवायचा. असे महिनोन्‌महिने. कुचेरा यांना उत्तर पाहायला मिळाले नाही. १९२१ मध्ये ते वारले.

थेंब तोलून थकलेल्या हेयरोव्स्कींना मग सुचले, की वजनाऐवजी या गळत्या थेंबातून वाहणारी वीजच मोजून पाहावी. ती अतिशय सूक्ष्म असणार म्हणून त्यांनी नाजूक गॅल्व्हानोमीटर जोडला. १० फेब्रुवारी १९२२ रोजी त्यांनी सोडियमच्या क्षाराचे द्रावण घेऊन दाब पायरीपायरीने वाढवत नेला. बराच वेळ काटा जवळपास जागेवर. मग ठरावीक दाबाला विद्युतप्रवाह एकदम चढला. म्हणजे त्या दाबाला सोडियम पाऱ्यात शिरू लागला होता. इतर धातू घेतले तर प्रत्येकाची चढण आपापल्या दाबाला. शिसे साधारण उणे ०.४ व्होल्टला, कॅडमियम उणे ०.६ च्या आसपास, जस्त उणे १ व्होल्टजवळ. चढण कुठे येते यावरून पदार्थ ओळखायचा, किती उंच जाते यावरून प्रमाण. तीन धातू एकाच चमच्यात असले तरी आलेखावर तीन पायऱ्या वेगवेगळ्या उभ्या राहतात. डोनन यांच्याकडचा धडा इथे कामाला आला. घन धातूची पट्टी पहिल्याच मापात मळते, गळणारा थेंब दर दोन-चार सेकंदांनी नवा येतो. म्हणून आजचा आलेख उद्याच्या आलेखावर बरोबर बसतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी हे चेक भाषेतल्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापले. ते परदेशात कोण वाचणार? इंग्रजी लेख पुढच्या वर्षी आला.

एकेक बिंदू हाताने मोजून आलेख काढायला तास जाई. प्रागला त्यांच्याकडे जपानहून मासुझो शिकाता नावाचे कृषिरसायनशास्त्रज्ञ आले होते. दोघांनी मिळून १९२४ मध्ये एक यंत्र बांधले. मोटारीने तारेचे चाक फिरे आणि विजेचा दाब आपोआप वाढे. त्याच गतीने फोटोचा कागद गुंडाळलेला दंडगोल फिरे आणि गॅल्व्हानोमीटरच्या आरशावरून परतलेला प्रकाशकिरण कागदावर आलेख काढून ठेवी. तासाचे काम काही मिनिटांवर आले. यंत्राला नाव दिले पोलरोग्राफ. प्रयोगशाळेत माणसाच्या हाताशिवाय रासायनिक पृथक्करण लिहून काढणारे हे पहिल्या काही यंत्रांपैकी एक. आज पॅथॉलॉजीत नमुना आत टाकला की कागद बाहेर येतो, त्याचे आपल्याला काही वाटत नाही.

१९२६ मध्ये हेयरोव्स्की प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात भौतिकी रसायनाचे पहिले प्राध्यापक झाले. त्याच वर्षी मारी कोर्जानोव्हा यांच्याशी त्यांचे लग्न झाले; पुढे मुलगी यित्का आणि मुलगा मिखाएल. १९३३ मध्ये ते अमेरिकेत कॅलिफोर्नियात व्याख्यानांना गेले आणि त्यानंतर पद्धत तिकडे झपाट्याने पसरली. चढणीची उंची आणि पदार्थाचे प्रमाण यांचे नेमके गणित त्यांचे सहकारी डायोनिझ इल्कोविच यांनी १९३४ मध्ये मांडले. आता धातूंपुरते काम राहिले नव्हते. पाऱ्याच्या थेंबाशी ज्याला इलेक्ट्रॉन घेता येतो असा कोणताही पदार्थ आलेखावर दिसे.

वाइनची गोष्ट इथे परत येते. पेलाभर वाइनमध्ये पाणी आणि अल्कोहोल सोडून शेकडो पदार्थ असतात. गंमत म्हणजे ज्यासाठी लोक ती पितात ते अल्कोहोलच पाऱ्याच्या थेंबाला दिसत नाही, कारण ते तिथे इलेक्ट्रॉन घेत नाही. बाकीचे दिसतात. वाइन जुनी होताना वाढणारे ॲसिटाल्डिहाइड दिसते. द्राक्षावर मोरचूद-चुन्याची फवारणी होते, त्यातून आलेले तांबे दिसते. आंतरराष्ट्रीय मर्यादा त्यासाठी लिटरमागे १ मिलिग्रॅम आहे. आणि सल्फर डायऑक्साइड दिसतो. वाइन टिकावी म्हणून तो घालतात. तासगावचे बेदाणे पिवळे राहावेत म्हणून गंधकाची धुरी देतात, त्यातला वायूही हाच. बहुतेकांना त्याने काही होत नाही. दम्याच्या काही रुग्णांना मात्र धाप लागते. म्हणून युरोपात लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सल्फाइट असेल तर बाटलीवर तसे लिहावे लागते. लिहायचे तर आधी मोजायला हवे.

शिशासाठी मात्र मूळ पद्धत थोडी आखूड पडे. लिटरमागे मिलिग्रॅमच्या खाली ती अडखळायची, आणि शरीराला घातक असलेले शिसे त्याहून पुष्कळ कमी असू शकते. पुढच्या संशोधकांनी यावर सोपी युक्ती काढली. थेंब गळू न देता लटकत ठेवायचा आणि काही मिनिटे द्रवातले शिसे त्यात गोळा होऊ द्यायचे. मग विजेचा दाब उलटा फिरवायचा, की साठलेले शिसे एका झटक्यात बाहेर पडते आणि प्रवाहाचा उंच सुळका उठतो. गल्ल्यात दिवसभर पडलेली चिल्लर रात्री एकदम मोजावी तसे. या रीतीने लिटरमागे मायक्रोग्रॅम मोजता आले. गॉकेल यांच्या पेल्याला पुरेसे उत्तर मिळाले ते असे, अडीचशेहून अधिक वर्षांनी.

वैद्यकाचा मोह हेयरोव्स्कींच्या प्रयोगशाळेलाही पडला. त्यांचे शिष्य रुडॉल्फ ब्रदिच्का यांना १९३० च्या दशकात आढळले, की कोबाल्टच्या द्रावणात रक्तद्रव घातला तर प्रथिनांमुळे आलेखावर खास दुहेरी उंचवटा येतो, आणि कर्करुग्णांच्या रक्तात त्याचे माप निरोग्यांपेक्षा वेगळे असते. रक्ताच्या थेंबावरून कर्करोग! अनेक देशांतल्या दवाखान्यांनी चाचण्या केल्या. मग दिसून आले, की न्यूमोनियात, क्षयात, तापातही तो उंचवटा बदलतो. शरीरात काहीतरी बिघडले आहे एवढे तो सांगे, काय बिघडले ते सांगत नसे. कर्करोगाची चाचणी म्हणून ती मागे पडली. एका थेंबात कर्करोग ओळखण्याच्या जाहिराती आजही अधूनमधून दिसतात. त्या वाचताना ब्रदिच्कांचा हा अनुभव ठाऊक असावा. माप अचूक असणे वेगळे आणि ते एकाच रोगाचे असणे वेगळे.

१९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये आल्या. नोव्हेंबरात सर्व चेक विद्यापीठे बंद केली गेली, नऊ जणांना गोळ्या घातल्या, हजारावर विद्यार्थी छळछावणीत गेले. हेयरोव्स्कींची संस्था प्रागमधल्या जर्मन विद्यापीठाच्या ताब्यात गेली. तिथे प्रमुख म्हणून आलेले प्राध्यापक योहान ब्योम जर्मन होते, पण नाझींचे विरोधक. त्यांनी हेयरोव्स्कींना प्रयोगशाळेत काम करू दिले. वर्ग नाहीत, विद्यार्थी नाहीत, शहरात रोज अटका. आणि आत एक माणूस पाऱ्याच्या थेंबापुढे. १९४१ मध्ये त्यांचा पोलरोग्राफीवरचा ग्रंथ जर्मन भाषेत व्हिएन्नाहून निघाला. आलेख काही मिनिटांऐवजी क्षणात पडद्यावर दिसेल अशी ऑसिलोस्कोपची नवी रीतही त्यांनी त्याच काळात सुरू केली. या वर्षांचे मोल ब्योम यांच्याशिवाय सांगता येणार नाही. असा माणूस चरित्रात दोन ओळींतच येतो.

युद्धानंतर १९५० मध्ये प्रागला खास पोलरोग्राफी संस्था उभी राहिली आणि हेयरोव्स्की तिचे संचालक झाले. जगभर या विषयावर निघणाऱ्या शोधनिबंधांची यादी ते चिकाटीने करत; ती हजारोंच्या घरात गेली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने १९५५ मध्ये त्यांना मानद सदस्यत्व दिले. नोबेलसाठी त्यांचे नाव पुष्कळदा गेले होते. ते मिळाले १० डिसेंबर १९५९ ला, एकोणसत्तराव्या वाढदिवसाच्या दहा दिवस आधी, पहिल्या यशस्वी प्रयोगानंतर सदतीस वर्षांनी. चेकोस्लोव्हाकियाच्या नागरिकाला मिळालेले ते पहिले नोबेल.

पोलरोग्राफी करणाऱ्यांना एक कटकट कायम असे. हवेतला प्राणवायू द्रवात विरघळलेला असतो, तोही थेंबाकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि आलेखात नको तिथे दोन पायऱ्या उमटवतो. म्हणून आधी द्रवातून नायट्रोजनचे बुडबुडे सोडून प्राणवायू हाकलावा लागे. अमेरिकेत लिलंड क्लार्क यांना नेमका तोच हवा होता. हृदय-फुफ्फुस यंत्रासाठी रक्तात प्राणवायू मिसळणारे उपकरण ते बनवत होते आणि रक्तात तो किती मिसळला हे मोजायचे होते. त्यांनी पाऱ्याऐवजी प्लॅटिनमची तार घेतली, तिला प्लॅस्टिकचा पातळ पडदा लावला, म्हणजे रक्तपेशी बाहेर आणि प्राणवायू आत. १९५६ मध्ये हे प्रसिद्ध झाले. अतिदक्षता विभागातल्या रक्तवायू तपासणाऱ्या यंत्रात याच धर्तीचा इलेक्ट्रोड बसला. १९६२ मध्ये क्लार्क यांनी पडद्यात ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम कोंडले. साखर असेल तर एन्झाइम प्राणवायू खर्च करते, प्राणवायू किती घटला यावरून साखर किती ते कळते. ग्लुकोमीटरची पट्टी ही त्याचीच सुधारलेली नात. द्राक्षरस आंबताना त्यात साखर किती उरली हेही अशाच एन्झाइमच्या इलेक्ट्रोडने मोजता येते.

पांढरकवडा, झरी-जामणी भागातल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, त्याने दात पिवळे-तपकिरी होतात, हाडे ताठरतात. ते मोजायचा इलेक्ट्रोड १९६६ मध्ये आला. तो मात्र दुसऱ्या शाखेचा; त्यात प्रवाह नव्हे, विजेचा दाब वाचतात. रस्त्यावर पोलिस चालकाला फुंकायला लावतात त्या अनेक यंत्रांत प्लॅटिनमवर अल्कोहोल जळते आणि तयार झालेली वीज मोजली जाते. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. जे पाऱ्याला दिसत नव्हते ते प्लॅटिनमला दिसते. पण मिथेनॉलही तिथे तसेच जळते. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली ती मिथेनॉलने. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याची नस मारते. फुंकणीचे यंत्र दारू आहे म्हणते, कोणती ते खात्रीने सांगत नाही. हातभट्टी प्यायलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी धुरकट दिसू लागले, पोट दुखू लागले, श्वास जोरात चालू लागला, तर उतरेल म्हणून घरी ठेवू नये, लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. पहिले काही तास डोळे आणि जीव दोन्ही वाचवू शकतात.

हेयरोव्स्की २७ मार्च १९६७ रोजी प्रागमध्ये वारले, शहात्तराव्या वर्षी. त्यांच्या नावाची भौतिकी रसायनाची संस्था तिथे आजही चालू आहे. पारा विषारी असल्याने प्रयोगशाळांतून तो हटत चालला आहे, जुन्या थर्मामीटरसारखाच. वाइन तपासणाऱ्या नव्या सेन्सरमध्ये कागदाएवढ्या पट्टीवर छापलेला कार्बन असतो, आणि तुरटपणा आणणारे टॅनिन त्या कार्बनवर इलेक्ट्रॉन सोडते, घेत नाही. आलेख मात्र तसाच काढतात: आडव्या रेषेवर विजेचा दाब, उभ्या रेषेवर प्रवाह.